पीटर हॅमरस्टेड: व्हीगन कॅप्टन, चोर ट्रॉलर आणि ११० दिवसांचा पाठलाग

लंगर

व्हेल वाचवणारे म्हटलं की पहिलं नाव निघतं पॉल वॉटसनचं, आणि ते बरोबरच आहे, सी शेफर्ड ही समुद्री जीव वाचवणारी संस्था त्यानेच काढली. पण त्याच्याच जहाजावर अठराव्या वर्षी आलेला आणि तिथेच कॅप्टन झालेला पीटर हॅमरस्टेड हा स्वीडिश माणूस मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो. त्याच्याबद्दल मराठीत फार कुठे वाचायला मिळत नाही म्हणून धागा काढतोय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

हा माणूस व्हीगन. नुसता तोच नाही, सी शेफर्डच्या सगळ्या जहाजांच्या गॅलीत (स्वयंपाकघरात) मांस, मासे, अंडी, दूध काहीच शिजत नाही, क्रूमधला एखादा घरी काहीही खात असो, बोटीवर असेपर्यंत सगळ्यांना तेच. यावर खाली वाद होणार हे दिसतंच आहे, पण आधी करिअर बघू.

२००८ मध्ये कॅनडात सीलच्या शिकारीचे फोटो काढायला 'फार्ली मोवाट' नावाचं त्यांचं जहाज बर्फात गेलं, हा त्यावर फर्स्ट मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालचा अधिकारी. तिकडे नियम असा की सील मारणं चालू असताना परमिट नसेल तर अर्ध्या सागरी मैलाच्या आत जायचं नाही. म्हणजे सील मारायचं लायसन्स मिळतं आणि ते मारताना जवळून बघायचं तर वेगळं परमिट! सशस्त्र पोलीस जहाजावर चढले, कॅप्टन आणि हा दोघांना अटक, पुढे दोषीही ठरले.

मग अंटार्क्टिका. 'बॉब बार्कर' हे जहाज त्याच्याकडे आलं. हे मूळचं १९५० चं नॉर्वेजियन व्हेल मारणारं जहाज, एका अमेरिकन टीव्हीवाल्याने दिलेल्या ५० लाख डॉलरमधून घेतलेलं, म्हणून त्याचंच नाव. दक्षिण महासागरात जपानी ताफा 'संशोधन' म्हणून व्हेल मारायचा, कारण व्यापारी शिकारीवर १९८६ पासून बंदी होती पण संशोधनाची पळवाट शिल्लक होती. ताफ्याचं मुख्य जहाज निशिन मारू, म्हणजे तरंगता कारखानाच. त्याच्या मागच्या बाजूला एक उतार असतो, हार्पूनवाली छोटी जहाजं मारलेला व्हेल तिथे आणून देतात आणि तो वर ओढला जातो. सी शेफर्डवाल्यांनी काय केलं, तर त्या उतारामागे जाऊन चिकटून बसायचं. जागाच सोडायची नाही. व्हेल चढवता येत नाही तर मारून करणार काय?

फेब्रुवारी २०१३ मध्ये निशिन मारूला सन लॉरेल नावाच्या टँकरमधून इंधन घ्यायचं होतं. हॅमरस्टेडने बॉब बार्कर मध्येच घातलं आणि निशिन मारू त्याच्यावर येऊन आदळलं, एका बाजूला टँकर, दुसऱ्या बाजूला कितीतरी पट मोठा कारखाना आणि मध्ये हे सँडविच. वय तिशीच्या आत. त्या सीझनमध्ये जपानचा मिंके व्हेलचा कोटा ९०० च्या वर होता, मिळाले १०३.

आता खरी गोष्ट, थंडर. पण ती पुढच्या प्रतिसादात टाकतो, टंकून हात दुखले.

निव्वळ_वाचक

वाचतोय. पुढचा भाग लवकर टाका, अशा ठिकाणी सोडून जाऊ नका राव.

शंकेखोर

लेख आवडला पण धडका मारणं याला संवर्धन म्हणायचं का? २०१३ मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने यांना सरळ चाचे म्हटलं होतं. आणि बर्फाळ पाण्यात जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं असतं तर तिथल्या पेंग्विनांचं कोण बघणार होतं?

लंगर

शंकेखोर, मुद्दा रास्त आहे आणि हॅमरस्टेडच्या करिअरचं पुढचं वळण बऱ्यापैकी इथूनच येतं असं माझं मत. फक्त एक बाजू राहिली, ३१ मार्च २०१४ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ऑस्ट्रेलियाच्या केसमध्ये १२ विरुद्ध ४ असा निकाल दिला की जपानचा तो अंटार्क्टिकातला कार्यक्रम संशोधनात बसत नाही. म्हणजे ज्यांना चाचे म्हटलं ते ज्यांच्या मागे लागले होते त्यांचंही कायद्यात बसत नव्हतंच.

आता थंडर.

अंटार्क्टिकाच्या आसपास टूथफिश नावाचा खोल पाण्यातला मासा मिळतो, महागड्या हॉटेलांत तो चिलियन सी बास म्हणून खपतो. सावकाश वाढतो, पन्नास वर्षंही जगतो, त्यामुळे एकदा उपसला की भरून यायला पिढ्या जातात. त्या भागात गिलनेटला, म्हणजे समुद्रात भिंतीसारखं उभं राहून माशांचे कल्ले अडकवणाऱ्या जाळ्याला, बंदी आहे. तरी सहा जहाजं वर्षानुवर्षं तेच करत होती, त्यांना 'बँडिट सिक्स' म्हणायचे. थंडर त्यातलं सगळ्यात कुप्रसिद्ध, २००६ पासून काळ्या यादीत, इंटरपोलच्या अंदाजाने तेव्हापासून ६ कोटी डॉलरची कमाई. नाव आणि झेंडा बदलत राहायचं. रुबिन, टायफून, कुको, वुहान अशी बरीच नावं लावून झाली होती. २०१३ च्या शेवटी इंटरपोलने पर्पल नोटीस (गुन्ह्याच्या पद्धतीबद्दल देशांना दिलेली सूचना) काढली, पण नोटीस काढून त्या समुद्रात जाणार कोण?

१७ डिसेंबर २०१४ ला बॉब बार्करने त्याला अंटार्क्टिकाजवळच्या बान्झारे बँक या उथळ भागात गाठलं. थंडर जाळी तिथेच टाकून पळालं आणि हा मागे. एवढंच. हॅमरस्टेडने चढाई केली नाही, धडक मारली नाही, फक्त मागे लागला आणि रोज पोझिशन कळवत राहिला. दक्षिण महासागर, मग हिंदी महासागर, मग आफ्रिकेला वळसा घालून अटलांटिक. ११० दिवस, दहा हजार सागरी मैलांच्या वर. समोरचा जहाज थांबवून नुसता तरंगत बसला तर हाही तसाच बसायचा. मासेमारीचं जहाज जाळं टाकू शकत नाही आणि बंदरातही जाऊ शकत नाही म्हणजे रोज नुसतं डिझेल आणि पगार जळत राहतो. दरम्यान नायजेरियाने आपला झेंडाही काढून घेतला, आता ते कुठल्याच देशाचं राहिलं नाही.

६ एप्रिल २०१५ ला गिनीच्या आखातात, साओ तोमे आणि प्रिन्सिपेच्या हद्दीत, थंडरवरून मदतीची हाक आली की कशाला तरी धडकलो, बुडतोय. चाळीस जण लाइफराफ्टमध्ये उतरले. कॅप्टन शेवटपर्यंत उतरायला तयार नव्हता, आणि तो उतरल्यावर बॉब बार्करवरचे तिघे त्या बुडत्या जहाजावर चढले आणि मिळतील तेवढे कागद, फोन गोळा करून आणले. जहाज गेलं तेव्हा त्याच्याच कॅप्टनने आनंदाने आरोळी ठोकली. चाळीसही जण सी शेफर्डनेच उचलले आणि बंदरात नेऊन पोलिसांच्या ताब्यात दिले.

साओ तोमेसारख्या चिमुकल्या देशाच्या कोर्टाने कॅप्टन आणि दोन इंजिनिअरना दोषी धरलं, तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आणि दीड कोटी युरोच्या घरात दंड.

तिसरा_इंजिनिअर

लंगरराव, इंजिन रूममध्ये उमेदीची वर्षं घालवलीत म्हणून यात थोडी भर घालतो. जहाज खरंच कशाला धडकलं तर सगळ्यात आधी माणूस काय करतो, वॉटरटाइट दारं बंद करतो, हॅच बंद करतो, पंप चालू करतो, हे डोक्याने नाही हातानेच होतं इतकं ड्रिलमध्ये घोटलेलं असतं. एका कप्प्यात पाणी आलं तरी बाकीच्या कप्प्यांतल्या हवेवर जहाज तासन् तास तरंगतं, कधी कधी ओढून बंदरात पण आणता येतं. थंडरवर चढलेल्यांना दारं उघडी दिसली आणि ती मिटू नयेत म्हणून बांधून ठेवलेली होती. हे वाचलं आणि मला पुढचं काही वाचायची गरजच उरली नाही.

समुद्राचं पाणी इंजिन थंड करायला आत घेतात, त्यासाठी तळाला सी चेस्ट असते. तिथला पाइप उघडा सोडला की इंजिन रूम भरायला वेळ लागत नाही, बाहेरून एक ओरखडाही नाही. म्हणून चीफ आणि सेकंड इंजिनिअर दोघेही आत गेले ते बरोबरच, एकट्या कॅप्टनच्या हातचं काम नाही ते.

आणि बुडवलं का? पुरावा तळाला जातो. होल्डमधला मासा, कॉम्प्युटर, चार्ट, सगळं.

खारावारा

मस्त धागा! एक गोष्ट लंगर यांनी राखून ठेवली का माहीत नाही, मीच सांगून टाकतो. या मोहिमेत सी शेफर्डचं दुसरं जहाज होतं सॅम सायमन आणि त्याचा कॅप्टन भारतीय, सिद्धार्थ चक्रवर्ती. बॉब बार्कर थंडरच्या मागे लागलं तेव्हा सॅम सायमन मागे थांबलं, थंडरने टाकून दिलेली जाळी उपसायला. ७२ किलोमीटर जाळं! खोल तळापासून, त्या थंडीत, वरून लाटा, आणि क्रू सगळा व्हीगन, ज्यांनी आयुष्यात मासा कापला नसेल ते दिवसेंदिवस सडलेले टूथफिश, खेकडे, स्केट जाळ्यातून सोडवत उभे. प्रत्येक माशाची नोंद. सोडून दिलेलं जाळं वर्षानुवर्षं तिथेच मासे मारत राहतं म्हणून काढायचं आणि पुरावा म्हणूनही काढायचं. मग ते मॉरिशसला नेऊन अधिकाऱ्यांच्या हवाली केलं.

पाठलागाला प्रसिद्धी मिळते पण केस उभी राहते ती या असल्या कंटाळवाण्या घाण कामावर.

मुक्ता_

सगळं ठीक पण ११० दिवस खाल्लं काय यांनी?? मी व्हीगन आहे आणि मला दोन दिवसांच्या ट्रिपला पण डबा भरताना विचार करावा लागतो.

तिसरा_इंजिनिअर

मुक्ताताई, लांबच्या फेरीत ताजं कोणाकडेच टिकत नाही, मांस खाणाऱ्यांचं फ्रीजर असतं एवढाच फरक. पालेभाजी पहिल्या काही आठवड्यांत संपते, मग कोबी, कांदा, बटाटा, भोपळा, गाजर. त्यानंतर सगळी भिस्त कोरड्या मालावर, डाळी, कडधान्यं, तांदूळ, पीठ, पास्ता, डबाबंद टोमॅटो. मोड काढले की तेवढंच हिरवं. खरं तर व्हीगन गॅली स्टोअरकीपरला सोपी पडते, फ्रीजर बंद पडला तर मांसवाल्या जहाजावर हाहाकार उडतो, इथे फार फार तर मटार जातील.

जहाजावर क्रूचा मूड कुकच्या हातात असतो. हे मात्र सगळ्या जहाजांना लागू.

शंकेखोर

आता माझी मुख्य शंका. हे व्हीगन. म्हणजे मासा मारूच नये असं यांचं मत. आणि आता म्हणे आफ्रिकेतल्या मच्छीमारांसाठी काम करतात, जे मासे मारूनच जगतात. हा दुटप्पीपणा नाही का? उद्या त्यांनाही सांगतील जाळी सोडा आणि डाळ खा.

आणि इतिहास बघा, अमेरिकेतल्या मकाह आदिवासींना १८५५ च्या तहाने व्हेल मारायचा हक्क दिलेला होता, तरी १९९८-९९ मध्ये सी शेफर्ड त्यांच्या विरोधात नेआ बे या त्यांच्या गावाला जाऊन उभीच होती. तेव्हा गरीब-श्रीमंत काही बघितलं नाही.

लंगर

मकाहचा मुद्दा मान्य, माझ्याही मते ते प्रकरण संस्थेला शोभणारं नव्हतं. ज्यांच्याकडून शतकभर सगळं काढून घेतलं त्यांच्या एका व्हेलवर जाऊन पहारा द्यायचा आणि मोठे ताफे मोकळे, ही नैतिकता मला पटत नाही.

पण आफ्रिकेतलं काम नेमकं उलटं आहे, म्हणूनच मला हा माणूस बघावासा वाटतो. थंडरने त्याला जे शिकवलं असेल ते असं (हा माझा अंदाज): खुल्या समुद्रात जहाजावर अधिकार फक्त ज्या देशाचा झेंडा त्याचा. तुम्ही ११० दिवस मागे फिरा, हात लावू शकत नाही. पण किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांत त्या किनाऱ्याच्या देशाला मासेमारीच्या जहाजावर चढायचा, तपासायचा, पकडायचा पूर्ण हक्क आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांकडे हक्क आहे, अधिकारी आहेत, फक्त खोल पाण्यात दिवसचे दिवस राहील असं जहाज नाही. आणि यांच्याकडे जहाज आहे आणि हक्क नाही!

मग २०१६ ला गॅबॉन, २०१७ ला लायबेरिया, पुढे गांबिया, टांझानिया वगैरे. पद्धत अशी की जहाज आणि क्रू सी शेफर्डचा, डिझेल त्यांचं, पण वर बसणारे अधिकारी आणि हत्यारबंद सैनिक त्या देशाचे. कुणावर चढायचं आणि कुणाला धरायचं ते तेच ठरवतात. हॅमरस्टेड गाडी चालवतो म्हणा ना. लायबेरियाच्या किनाऱ्यालगतचे सहा मैल छोट्या होडीवाल्यांसाठी राखीव आहेत, मोठ्या ट्रॉलरला तिथे बंदी. पण ट्रॉलर रात्री एआयएस (जहाजाची ओळख आणि जागा कळवणारं यंत्र) बंद करून आत घुसतात, होडीवाल्याचं जाळं फाडून जातात, कधी होडीवरूनच जातात. सकाळी तक्रार कुणाकडे करणार, नाव सुद्धा दिसलेलं नसतं. तिथे दिवे मालवलेलं एक जहाज रात्री रडार लावून बसलं आणि त्यावरून तटरक्षक दलाची पोरं रबरी बोटीतून निघाली की चित्र बदलतं.

नोव्हेंबर २०१७ मध्ये लायबेरियात लाबिको २ नावाचं जहाज असंच धरलं. ते खोल पाण्यातले शार्क मारायचं, कशासाठी तर यकृतातलं तेल.

आता दुटप्पीपणाचं. व्हीगन नियम जहाजाच्या कठड्यापर्यंत. होडीवाल्याला कुणी डाळ खा म्हणत नाही. त्यांची स्वतःची बाजू अशी की समुद्र ओरबाडला जातोय तो फक्त ताटातल्या माशासाठी नाही, जगात पकडल्या जाणाऱ्या माशांपैकी पाचव्या हिश्श्याच्या आसपास मासा दळून फिशमील आणि तेल होतं, ते शेतीतल्या माशांना, डुकरांना, कोंबड्यांना चारतात. गांबियात तर होडीवाल्यांची तक्रारच ही आहे की खाण्याचा मासा फिशमीलच्या कारखान्यात जातो आणि बाजारात भाव चढतात. म्हणजे चिकन खाऊन मासे वाचवायला निघालात तर तुमच्या ताटात मासा आलाच, पंखवाला. म्हणून गॅलीत काहीच नको. मी स्वतः व्हीगन नाही, पण यात मला विसंगती दिसत नाही. उलट बऱ्याच व्हीगन मंडळींना जमत नाही ते याला जमलंय, स्वतःचा नियम कडक पाळायचा आणि दुसऱ्याच्या ताटात नाक खुपसायचं नाही.

मुक्ता_

शेवटचं वाक्य टोमणा होता का लंगरकाका :)

शंकेखोर

फिशमीलचा मुद्दा डोक्यात नव्हता, तो ठीक आहे. पण खासगी युरोपियन संस्था आफ्रिकेच्या समुद्रात गस्त घालते हे मला अजूनही खटकतंच. उद्या यांच्या देणगीदारांना कंटाळा आला की जहाज परत, मग त्या तटरक्षक दलाने काय करायचं? आणि ज्या ट्रॉलरवर कारवाई होते त्यांचे मालक बहुतेक युरोप आणि चीनमध्ये बसलेत, तिथे कोण गस्त घालतं?

खारावारा

शंकेखोर +१, मालकांचा प्रश्न खरा आहे. थंडरच्या केसमध्ये पण तुरुंगात गेले ते जहाजावरचे. खालचे बरेचसे इंडोनेशियन क्रू तर नुसते पोटासाठी आलेले, त्यांना सोडून दिलं ते बरंच झालं.

मात्र बँडिट सिक्सपैकी सहाही जहाजं दोन वर्षांत बंद झाली हे विसरू नका. वायकिंग तर इंडोनेशियाने मार्च २०१६ मध्ये पांगंदरानच्या किनाऱ्यावर स्फोट करून उडवलं, मासेमारी खात्याच्या मंत्रीणबाई सुसी पुजियास्तुती होत्या तेव्हा. आणि २०१८ मध्ये एसटीएस-५० नावाचं टूथफिशचं अजून एक जहाज मोझांबिकमधून निसटलं, सी शेफर्डचं ओशन वॉरियर टांझानियाचे अधिकारी वर घेऊन त्याच्या मागे, आणि शेवटी इंडोनेशियन नौदलाने धरलं ६ एप्रिलला. थंडर बुडाल्याच्या बरोबर तीन वर्षांनी. तेव्हा हॅमरस्टेड मोहिमांचं नियोजन बघत होता.

निव्वळ_वाचक

मग वॉटसनचं काय झालं? तो आणि हे वेगळे झाले ना?

लंगर

हो, २०२२ मध्ये. वॉटसनचं म्हणणं संस्था सरकारांच्या फार कलाने घ्यायला लागली, धार गेली. त्याने स्वतःच्या नावाने फाउंडेशन काढलं. २१ जुलै २०२४ ला ग्रीनलंडमध्ये नूकला जहाज डिझेल भरायला थांबलं असताना त्याला पकडलं, जपानच्या वॉरंटवर, प्रकरण २०१० चं. पाच महिने आत होता, १७ डिसेंबरला डेन्मार्कने जपानच्या ताब्यात द्यायला नकार देऊन सोडला. वय त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर.

त्याच्याबद्दल आदर आहेच. पण व्हेलच्या बाबतीत बघा, २०१७ ला सी शेफर्डने अंटार्क्टिकातला पाठलाग थांबवला कारण जपान सॅटेलाइटवरून यांच्यावर नजर ठेवून आधीच निसटायचा. पाठलागाच्या खेळात ज्याच्याकडे सरकार तो जिंकतो. हॅमरस्टेडने तेवढंच केलं, सरकार आपल्या बाजूला आणलं, मग ते लहान का असेना.

शंकेखोर, देणगीदार कंटाळले तर काय याला माझ्याकडे उत्तर नाही. गॅबॉन, लायबेरियाने स्वतःची जहाजं घ्यावीत हेच खरं. फक्त तोवर किनारा मोकळा सोडायचा का, एवढंच विचारतो.

शंकेखोर

तोवर सोडू नये. पण 'तोवर' म्हणजे किती वर्षं ते कुठेतरी लिहून घ्या त्यांच्याकडून.

निव्वळ_वाचक

एक भाबडा प्रश्न, असल्या जहाजावर जायचं तर काय लागतं? माझी भाची मरीन इंजिनिअरिंगला आहे, तिला हा धागा पाठवलाय, ती आता ऐकायला तयार नाही.

तिसरा_इंजिनिअर

भाचीला सांगा आधी शिक्षण आणि सी टाइम (जहाजावरच्या नोकरीचा ठरलेला काळ) पूर्ण कर, तिकीट म्हणजे इंजिनिअरचं प्रमाणपत्र हातात घे. डेकवर झाडू मारायला उत्साही पोरं कुठेही मिळतात, चालू इंजिन सांभाळणारा माणूस अशा जुन्या जहाजांना कायम हवा असतो. बहुतेक जागा बिनपगारी असतात हे घरच्यांना आधी सांगावं. आणि खाण्याचं तिला चालणार आहे का ते विचारा, तीन-तीन महिने पनीर नाही की दुधाचा चहा नाही.